बेरीज आधी की मर्यादा आधी?

२०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचे भाव इतके कोसळले की काढणीचा आणि गाडीभाड्याचा खर्च निघेना. मार्चमध्ये विधिमंडळात अनुदान जाहीर झालं. आधी क्विंटलमागे ३०० रुपये. त्याच आठवड्यात दिंडोरीहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालला होता. चर्चेनंतर आकडा ३५० वर गेला. अट अशी होती: १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेला कांदा, आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत.

दोन ओळींची अट. गावात सगळ्यांनी ती आपापल्या लिलावाच्या हिशोबपट्ट्या काढून तोंडी हिशोबाला लावली. माझ्या मनात मात्र पहिला प्रश्न आला तो असा की, हा हिशोब कुणीतरी संगणकाला सांगणार आहे; तो सांगताना बेरीज आधी करणार की मर्यादा आधी लावणार? या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एका घराला हक्काच्या पैशापेक्षा कमी मिळतात आणि दुसऱ्याला जास्त, आणि यंत्र कुठेही चूक दाखवत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

मी संगणक शिकवते, आणि आमच्या घरी कांदा आणि द्राक्षं पिकतात. गोदावरीच्या एका काठाला आमचं सायखेडा, पलीकडे चांदोरी, मध्ये पूल. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार गावातच भरतो. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या रोजच्या भावपत्रकात पिंपळगावच्या जोडीला आमच्या गावाचं नाव येतं, आणि पुढे आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण दर. माझे वडील, नाना, लिलावानंतर मिळालेली प्रत्येक हिशोबपट्टी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवत आले. त्या पट्ट्या मी डेटाबेसमध्ये चढवल्या आहेत. मुलांना शिकवताना पुस्तकातला कर्मचाऱ्यांचा आणि पगाराचा तक्ता मी बाजूला ठेवते आणि हा तक्ता उघडते, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी अशाच पट्ट्या असतात.

डेटाबेस म्हटलं की लोक बिचकतात. रिलेशनल डेटाबेस म्हणजे तक्ते. आमच्या तक्त्यात एक पट्टी म्हणजे एक ओळ, आणि रकाने सरळ आहेत: तारीख, बाजार, शेतकरी, मालाचा प्रकार, वजन, भाव, कपात. माहिती अशी तक्त्यांत ठेवावी, विचारणाऱ्यानं काय हवं ते सांगावं आणि ते कुठून कसं शोधायचं ते यंत्रानं पाहावं, हा विचार एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं १९७० साली मांडला. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी प्रश्न विचारायची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. आज बँकेचं खातं, रेल्वेचं आरक्षण, रेशनकार्ड यांमागे हीच भाषा किंवा तिची भावंडं काम करतात.

या भाषेत काही क्रिया तयार मिळतात. त्यांना अंगभूत फंक्शन म्हणतात. बेरीज कशी करायची हे यंत्राला शिकवावं लागत नाही; ‘सम’ म्हटलं आणि कंसात वजनाचा रकाना दिला की बेरीज हातात येते. १९८६ मध्ये या भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं तेव्हा त्यात अशी पाच एकत्रीकरणाची फंक्शनं होती: काउंट, सम, ॲव्हरेज, मिन आणि मॅक्स. मोजणी, बेरीज, सरासरी, सर्वांत कमी, सर्वांत जास्त. बाजार समितीचा संपूर्ण दिवस या पाच शब्दांत मावतो.

फंक्शनांच्या दोन जाती आहेत, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक जात पुष्कळ ओळी घेते आणि एकच उत्तर देते. वरची पाच त्या जातीची. दुसरी जात एकेका ओळीवर काम करते आणि जितक्या ओळी तितकी उत्तरं देते: आकडा पूर्णांकात आणणं, नावातली मोकळी जागा काढणं, तारखेतून महिना काढणं, दोन आकड्यांतला लहान निवडणं. कोणती जात आधी चालवायची हे माणूस ठरवतो. इथेच पैसे हलतात.

सगळ्यांत जास्त घोळ मी सरासरीत पाहते. संध्याकाळी नाना विचारतात, ‘औंदा काय भाव पडला गं?’ समजा तीन पट्ट्या आहेत. पहिली ४० क्विंटलची, भाव ६००. दुसरी ३५ क्विंटल, भाव ६५०. तिसरी गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची, ३ क्विंटल, भाव २५०. भावाच्या रकान्यावर ॲव्हरेज चालवलं तर उत्तर येतं ५००. तीन भाव, त्यांची बेरीज १५००, भागिले तीन. यंत्रानं अगदी बरोबर केलं. पण घरात आलेले पैसे आहेत ४७,५०० आणि विकलेला माल ७८ क्विंटल. म्हणजे खरा पडलेला भाव जवळपास ६०९. तीन क्विंटल गोल्टीला ॲव्हरेजनं चाळीस क्विंटलच्या ट्रॉलीइतकंच वजन दिलं, कारण त्याला वजनाबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. बरोबर प्रश्न असा विचारायचा: आधी प्रत्येक ओळीत वजन गुणिले भाव, मग त्याची सम, आणि तिला वजनाच्या समनं भागायचं.

उलटही घडतं. निवडक २ क्विंटल माल १५०० ला गेला आणि बाकीचा ५० क्विंटल ७०० ला, तर भावांची साधी सरासरी ११०० दिसते. खरा पडतो ७३१. शहरात बसलेल्या माणसाच्या कानावर कमाल भाव पडतो, म्हणजे मॅक्स. तो एखाद्या पिकअपचा असतो. मॅक्स हे फंक्शन एका ओळीवरून ठरतं, बाकीच्या पाचशे गाड्यांचं त्याला काही पडलेलं नसतं. कांद्याच्या भावावर बातमी लिहिणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की कमाल भावावर मथळा करू नका. भावपत्रकात ‘सर्वसाधारण दर’ नावाचा रकाना त्यासाठीच आहे: जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला तो दर. तो मथळ्यात घ्या.

जिल्ह्याची सरासरी काढतानाही हीच गोष्ट. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, येवला, चांदवड, उमराणे, सायखेडा अशा सगळ्या बाजारांचे सर्वसाधारण दर घेऊन त्यांचं ॲव्हरेज काढलं, तर आमच्या लहानशा उपबाजाराचं मत पिंपळगावइतकंच मोजलं जातं. आवकेच्या रकान्यानं गुणल्याशिवाय जिल्ह्याचा भाव मिळत नाही. आवक त्याच पत्रकात, शेजारच्याच रकान्यात असते. एक गुणाकार वाढवायचा असतो, बस.

भागाकाराची एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकते. ४७,५०० भागिले ७८ याचं उत्तर ६०८.९७ येतं. पण दोन्ही रकाने पूर्णांक म्हणून साठवले असतील तर काही डेटाबेस अपूर्णांक कापून ६०८ एवढंच देतात. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर त्यांतले. कापलेले ९७ पैसे ७८ क्विंटलवर ७६ रुपये होतात. एका घराला ते जाणवणार नाहीत. हजारो घरांच्या यादीवर जाणवतात. राऊंड हे फंक्शन जवळच्या पूर्णांकावर आणतं, पण आधीच कापलेलं ते परत आणू शकत नाही, म्हणून वजन आणि रक्कम दशांशात साठवावी.

आता पुराचं सांगते. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा आणि चांदोरीत शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा. ज्यांनी पाहिलं त्यांना वर्णनाची गरज नाही. आमच्या पेटीतल्या काही पट्ट्या भिजल्या. कुठे तारीख वाचता येते, वजन धुऊन गेलेलं; कुठे रक्कम शिल्लक आहे, भाव नाही. त्या पट्ट्या तक्त्यात भरताना गेलेल्या वजनाच्या जागी काय लिहायचं? एका मुलानं वर्गात पटकन सांगितलं, ‘मॅडम, शून्य टाकू.’

शून्य टाकायचं नाही. शून्य म्हणजे माल नव्हता. इथे माल होता, विकला होता, पैसे आले होते. फक्त आकडा आपल्याला माहीत नाही. त्यासाठी डेटाबेसमध्ये ‘नल’ नावाची वेगळी खूण आहे, आणि अंगभूत फंक्शनं तिच्याशी कशी वागतात ते माहीत असणं अत्यावश्यक आहे. ॲव्हरेज नल असलेली ओळ मोजतच नाही. समजा चार पट्ट्या आहेत, तीन पट्ट्यांवर वजन ४०, ४०, ४० आणि चौथी धुतलेली. नल ठेवलं तर सरासरी खेप ४० क्विंटलची. शून्य भरलं तर ३० ची. काउंटचंही तसंच: काउंटच्या कंसात तारा दिला तर सगळ्या चार ओळी मोजल्या जातात, वजनाचा रकाना दिला तर तीनच. दोन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्न निराळे आहेत. या दोन आकड्यांतला फरक पुरात किती पट्ट्यांची वजनं गेली ते सांगतो, आणि नुकसानीचा हिशोब मांडताना तोच फरक हवा असतो.

नलच्या जागी दुसरं काही भरायचं फंक्शनही आहे, कोॲलेस. कंसात दिलेल्यांपैकी पहिलं जे नल नाही, तेवढं हे फंक्शन उचलतं. उपयोगी आहे, पण ते वापरलं की अज्ञात गोष्ट ज्ञात दिसू लागते. म्हणून मी मुलांना सांगते की कोॲलेस अहवालाच्या शेवटच्या ओळीत वापरा, हिशोबाच्या मधल्या पायरीत नको. बाजार बंद असलेल्या दिवसालाही हेच लागू. त्या दिवशी भाव शून्य नव्हता, भाव नव्हताच.

परत त्या २०० क्विंटलकडे येते.

दोन आकड्यांतला लहान निवडणाऱ्या फंक्शनचं नाव लीस्ट. मर्यादा लावायला ते नेमकं आहे: विकलेलं वजन आणि २००, यांतला लहान आकडा घ्या आणि ३५० नं गुणा. पण लीस्ट एकेका ओळीवर काम करणाऱ्या जातीचं आहे. कांदा एका ट्रॉलीत संपत नाही. समजा एका शेतकऱ्यानं त्या दोन महिन्यांत सात खेपा केल्या, प्रत्येकी ४५ क्विंटल. एकूण ३१५. पट्टीपट्टीवर आधी लीस्ट लावलं तर प्रत्येक ओळीत ४५ आणि २०० यांतला लहान म्हणजे ४५ येतो. मग बेरीज केली की ३१५. मर्यादा कुठे लागलीच नाही, आणि रक्कम निघते १,१०,२५०. आधी शेतकऱ्याच्या सगळ्या पट्ट्यांची सम, मग त्या बेरजेवर लीस्ट, असं केलं तर २०० क्विंटल आणि ७०,००० रुपये. योजनेत लिहिलेली रक्कम ही. दोन्ही वेळी वापरलेली फंक्शनं तीच, आकडे तेच, क्रम बदलला.

‘एका शेतकऱ्याच्या सगळ्या पट्ट्या’ हे यंत्राला सांगायचं काम ‘ग्रुप बाय’ करतं. ते फंक्शन नाही, पण त्याच्याशिवाय सम आंधळी असते. ग्रुप बायच्या पुढे कोणता रकाना लिहायचा, हा मला या सगळ्यातला सर्वांत गंभीर निर्णय वाटतो. आमच्याकडे दोन भावांची वाटणी झालेली असते, सातबारे वेगळे असतात, पण ट्रॅक्टर एकच आणि बाजारात ओळख आडनावानं. दोघांनी दीडदीडशे क्विंटल विकले. शेतकरीनिहाय गट केला तर दोघांचे मिळून ३०० क्विंटल बसतात. घराच्या नावानं गट केला तर ३०० चे २०० होतात आणि १०० क्विंटलचे ३५,००० रुपये जातात. एका रकान्याचं नाव बदललं म्हणून.

लीस्टची अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बरेच डेटाबेस हे फंक्शन कित्येक वर्षं देत होते, पण एसक्यूएलच्या अधिकृत प्रमाणात ते आलं २०२३ च्या आवृत्तीत, नेमकं आमच्या अनुदानाच्या वर्षी. तोवर ज्यानं त्यानं आपल्या समजुतीनं बनवलेलं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये दोन आकड्यांतला एक नल असेल तर लीस्ट नल देतं: माहीत नाही, म्हणून सांगत नाही. पोस्टग्रेस नलकडे दुर्लक्ष करतं आणि उरलेला आकडा देतं. आता एखाद्या शेतकऱ्याच्या सगळ्याच पट्ट्या पुरात धुतल्या असतील, तर वजनाची सम नल. त्यावर लीस्ट लावलं तर मायएसक्यूएलमध्ये उत्तर येईल नल, आणि पोस्टग्रेसमध्ये पूर्ण २०० क्विंटल. एकीकडे त्या घराला काहीच नाही, दुसरीकडे सगळं. दोन्हीकडे कुठलीही सूचना येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की फंक्शन वापरण्याआधी त्याला नल देऊन पाहावं, शून्य देऊन पाहावं, मर्यादेइतकाच आकडा देऊन पाहावा.

तारखेतही असाच सापळा आहे. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च. एसक्यूएलमध्ये ‘बिटवीन’ म्हणून दोन तारखा दिल्या की झालं, असं वाटतं, आणि रकान्यात नुसती तारीख असेल तर खरंच होतं. पण वजनकाट्यावरची नोंद पुष्कळदा वेळेसकट असते: ३१ मार्च, सकाळी ११ वाजून २० मिनिटं. प्रश्नात नुसतं ३१ मार्च लिहिलं तर यंत्र त्याचा अर्थ ३१ मार्चची मध्यरात्र, शून्य वाजता, असा घेतं. अकरा वीस ही त्यानंतरची वेळ. म्हणजे शेवटच्या दिवशीचा सगळा लिलाव बाहेर. वर्षअखेरीमुळे बाजार बंद असेल तर नुकसान नाही. चालू असेल तर त्या दिवशीची प्रत्येक ट्रॉली अपात्र. सुरक्षित मार्ग साधा आहे: १ फेब्रुवारी किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिलच्या आधी. हे मी मुलांकडून वहीत लिहवून घेते.

तारखेतून वर्ष, महिना काढायची फंक्शनं फार गोड वाटतात, पण रकान्यावर ती लावून शोधलं तर मोठ्या तक्त्यात काम मंदावतं. तारखांची अनुक्रमणिका तयार असते. ‘ज्या तारखेचं वर्ष २०२३ आहे ते दे’ म्हटलं की यंत्र ती अनुक्रमणिका सोडून प्रत्येक ओळीचं वर्ष काढत बसतं. त्याऐवजी दोन तारखांच्या कडा द्याव्यात. आमच्या घरच्या तक्त्याला फरक पडत नाही. राज्यातल्या सगळ्या बाजारांची वर्षानुवर्षांची आवक असेल तिथे पडतो.

शिवाय कांद्याला कॅलेंडरचं वर्ष कळत नाही. पोळ कांदा, रांगडा, उन्हाळ, हे त्याचे हंगाम. उन्हाळ कांदा काढला जातो उन्हाळ्यात आणि साठवणीच्या चाळीतून दिवाळीपर्यंत विकला जातो. म्हणून आमच्या तक्त्यात मी ‘केस’, म्हणजे ‘असं असेल तर हे’ सांगणारी रचना, वापरून मालाचा प्रकार आणि महिना यांवरून हंगामाचा रकाना काढते आणि त्यावर गट करते. वर्षावर गट केला की रांगड्याची मंदी आणि उन्हाळची तेजी एकमेकींत मिसळून जातात, आणि ज्या घरानं रांगडा लावला होता त्याचं दुःख सरासरीत दिसेनासं होतं. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली. या तारखांच्या आधीचे आणि नंतरचे भाव पाहायला लोक मला सांगतात. मी पाहून देते, पण आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून. डिसेंबरच्या सुरुवातीला तसाही लाल कांद्याची आवक वाढत असते, आणि ते न मोजता सगळं बंदीच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. बंदीनं नुकसान केलं हे माझं ठाम मत आहे. ते सिद्ध करायचं असेल तर हिशोब स्वच्छ हवा.

कालच्या ओळीशी आजची ओळ ताडणारं ‘लॅग’ हे फंक्शन मला फार प्रिय आहे. एकेका दिवसाच्या ओळीशेजारी आदल्या बाजाराचा भाव आणून ठेवतं. वजाबाकी केली की तेजी-मंदी समोर. अशी खिडकी-फंक्शनं २००३ च्या प्रमाणात आली आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीत. एक लक्षात ठेवायचं: लॅग आदली ओळ देतं, आदला दिवस देत नाही. मध्ये बाजार आठवडाभर बंद असला तर ‘काल’ म्हणजे आठ दिवसांपूर्वी.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी सरासरी बाजूलाच ठेवते. धरणांतून नदीपात्रात किती क्युसेक सोडले याचे आकडे पावसाळ्यात तासातासाला येतात. दिवसाचं ॲव्हरेज काढलं तर मधल्या तीन तासांचा लोंढा त्यात विरघळतो, आणि गावात पाणी शिरतं ते त्या तीन तासांत. तिथे मॅक्स घ्यायचं, आणि ते कधी आलं ती वेळ घ्यायची.

नावांचं दुखणं आणखी वेगळं. नावावर गट करायचा नाही, क्रमांकावर करायचा, हे पहिलं. पण जुन्या याद्यांत नावच असतं. मागे एक मोकळी जागा राहिली की यंत्राला तो दुसरा माणूस वाटू शकतो. ती काढायला ‘ट्रिम’ आहे. मराठीत याहून पुढे जावं लागतं. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ऱ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. काही डेटाबेसांना ती दोन नावं वाटतात. पोस्टग्रेसनं २०२० मध्ये तेराव्या आवृत्तीत ‘नॉर्मलाइज’ हे अंगभूत फंक्शन दिलं, ते अशी रूपं एक करून देतं. मराठी नावांच्या याद्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक हवं.

आणि लांबी. आमच्या गावाचं नाव आपण चार अक्षरांचं म्हणतो: सा, य, खे, डा. मायएसक्यूएलला ‘लेंग्थ’ विचारलं तर ते २१ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. ‘कॅरॅक्टर लेंग्थ’ विचारलं तर ७, कारण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. पोस्टग्रेसमध्ये नुसतं ‘लेंग्थ’ म्हटलं तरी ७ येतं. आणि पहिली चार अक्षरं कापून मागितली तर हातात येतं ‘सायख’. इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून रकान्याची लांबी ठरवली की आपल्या लोकांची नावं अशी मध्येच तुटतात, मग बँकेच्या खात्यावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळत नाही, आणि माणूस महिनोन्‌महिने हेलपाटे घालतो. अशी तुटलेली नावं मी पाहिली आहेत.

माझी विनंती दोन प्रकारच्या लोकांना आहे. जे शासनाच्या, बँकेच्या, सोसायटीच्या याद्या चालवतात त्यांना: योजनेची अट जशी छापता तसा हिशोबाचा क्रमही छापा. आधी शेतकरीनिहाय बेरीज, मग मर्यादा, मग दर. तारीख कोणत्या क्षणापर्यंत. वजन नसलेल्या पट्टीचं काय. चार ओळी मराठीत लिहिल्या की गावातलं कुणीही आपला आकडा ताडून पाहू शकेल.

आणि ज्यांच्या घरात पट्ट्यांची पेटी आहे त्यांना: घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्या भरायला बसवा. एसक्यूलाइट हा डेटाबेस फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहा, म्हणजे ती आपोआप नीट लागते. वजन आणि भाव वेगळ्या रकान्यांत ठेवा, हमाली-तोलाई वेगळी लिहा, आणि वाचता न येणाऱ्या आकड्याची जागा रिकामी सोडा. उन्हाळ कांदा चाळीतून निघायच्या आत हे झालं, तर या वर्षीचा तुमचा पडलेला भाव तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावा लागणार नाही.